पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्यायचंय? खोक्यावरचा कोणता आकडा बघायचा आणि कोणत्या आकड्याला भुलायचं नाही

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली, विजेचे खांब कोसळले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागातल्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप एकेक करून बंद पडले. बहुतेक भागांत मात्र काही तासांत वीज परत आली.

दोन्ही वेळा वीजच गेली होती. पण मुंबईत प्रश्न तासांचा होता आणि कोकणात दिवसांचा. हा फरक लक्षात घेतला नाही, तर पोर्टेबल पॉवर स्टेशन घेताना हमखास फसायला होतं. कारण हे यंत्र तासांच्या प्रश्नाचं उत्तम उत्तर आहे, पण दिवसांच्या प्रश्नाचं फार अपुरं.

सध्या रील्समध्ये हे डबे सगळीकडे दिसतात. पवना धरणाच्या काठी तंबू, बाजूला दिव्यांची माळ, कॉफीचं मशीन आणि मध्ये एक चौकोनी डबा. व्हिडिओत सगळं चालतं. प्रत्यक्षात काय चालतं आणि किती वेळ चालतं, हे समजून घेऊ.

पॉवर स्टेशन म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर हा पॉवर बँकेचा मोठा भाऊ. आत तीन मुख्य गोष्टी असतात. पहिली, लिथियमची मोठी बॅटरी. दुसरी, त्या बॅटरीतल्या डीसी विजेची घरातल्यासारखी एसी वीज करणारा इन्व्हर्टर. तिसरी, बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट. बॅटरी जास्त तापली, जास्त भरली किंवा फारच रिकामी झाली, की हे सर्किट पुरवठा तोडतं. बाहेरून घरासारखं सॉकेट, यूएसबीची भोकं आणि बहुतेकांना गाडीत असतो तसा १२ व्होल्टचा पॉइंट मिळतो.

काही जाहिरातींत याला ‘सोलर जनरेटर’ म्हणतात. त्या शब्दाला फसू नका. हा डबा वीज तयार करत नाही, फक्त साठवतो. सोलर पॅनल वेगळं घ्यावं लागतं.

पेट्रोल-डिझेलच्या जनरेटरच्या तुलनेत याचा मोठा फायदा म्हणजे आवाज नाही आणि धूर नाही. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. म्हणून जनरेटर कधीच घरात किंवा तंबूजवळ चालवायचा नसतो. पॉवर स्टेशन मात्र खोलीत किंवा तंबूत ठेवून वापरता येतं.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा : वॉट-अवर

खोक्यावर दहा आकडे असतात. त्यातला पहिला शोधायचा तो वॉट-अवर. डब्यात एकूण किती वीज मावते, हे तो सांगतो.

आपल्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. म्हणजे २५० वॉट-अवरच्या डब्यात पाव युनिट वीज असते. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या जाहिराती आपोआप उघड्या पडतात. पाव युनिटमध्ये घर चालत नाही, फक्त काही गोष्टी चालतात.

हिशेब अगदी शाळेतला आहे. उपकरण किती वॉटचं, गुणिले किती तास. १० वॉटचा राउटर ५ तास चालला तर ५० वॉट-अवर. ५० वॉटचा टेबल फॅन ५ तास चालला तर २५० वॉट-अवर.

पण खोक्यावर लिहिलेली सगळी वीज बाहेर मिळत नाही. डीसीची एसी करताना काही वीज उष्णता म्हणून वाया जाते. त्यामुळे एसी सॉकेटमधून साधारण ८५ टक्के मिळतील असं धरून चाला. २५६ वॉट-अवरच्या डब्यातून हातात येतात सुमारे २१८ वॉट-अवर.

मग लाखभर एमएएचचं काय?

बऱ्याच जाहिरातींत वॉट-अवर बारीक अक्षरात असतं आणि ‘८०,००० एमएएच’ ठळक अक्षरात. मोबाइलमुळे आपल्याला एमएएचची सवय झालेली असते. फोनची बॅटरी ५,००० एमएएच, मग ८०,००० म्हणजे सोळा पट, असा हिशेब आपण मनात करून टाकतो.

गडबड अशी की व्होल्ट माहीत नसेल तर नुसत्या एमएएचला काही अर्थ नाही. एमएएचला १००० ने भागून व्होल्टने गुणलं की वॉट-अवर मिळतात. लिथियमचा एक सेल साधारण ३.७ व्होल्टचा धरला, तर ८०,००० एमएएच म्हणजे २९६ वॉट-अवर. यावर ५० वॉटचा टेबल फॅन साधारण पाच तास चालेल. वाईट नाही, पण ‘ऐंशी हजार’ ऐकून डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं, त्याच्या आसपासही नाही.

म्हणून नियम सोपा. दोन डब्यांची तुलना नेहमी वॉट-अवरवरच करायची. किंमत भागिले वॉट-अवर केलं की एका वॉट-अवरला किती रुपये पडतात ते कळतं. खोक्यावर वॉट-अवर लिहिलेलेच नसतील, तर तो डबा तिथेच ठेवून पुढे जायचं.

वॉट वेगळे, वॉट-अवर वेगळे

दुसरा आकडा म्हणजे वॉट. छतावरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकीत किती लिटर पाणी आहे, ते झालं वॉट-अवर. नळाची तोटी किती जाड आहे, म्हणजे एका वेळी किती पाणी येऊ शकतं, ते झालं वॉट.

दोन प्रत्यक्ष मॉडेल बघू. इकोफ्लोच्या ‘रिव्हर २’मध्ये २५६ वॉट-अवर मावतात, ते एका वेळी ३०० वॉट देतं आणि वजन साडेतीन किलो आहे. ब्लूएटीच्या ‘ईबी३ए’मध्ये २६८ वॉट-अवर मावतात, पण ते एका वेळी ६०० वॉट देतं. वजन साधारण ४.६ किलो. टाकी जवळपास तेवढीच, तोटी मात्र दुप्पट जाड.

म्हणजे दुसरं नेहमीच चांगलं का? तसंही नाही. ६०० वॉटचं काही लावलं तर ती टाकी २३ मिनिटांत रिकामी होते. पंखा, राउटर आणि लॅपटॉप एवढंच चालवायचं असेल तर ३०० वॉट पुरतात. थोडा वेळ चालणारं जड उपकरण असेल, तरच जाड तोटीचा उपयोग.

इथे अजून एक शब्द भेटतो, ‘सर्ज’. मोटर किंवा कॉम्प्रेसर असलेली वस्तू सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या गरजेच्या कित्येक पट वीज ओढते. तो झटका डब्याला झेपला नाही तर डबा लगेच बंद पडतो. म्हणून मिक्सर ५०० वॉटचा आहे आणि डबा ६०० वॉटचा आहे, तरी मिक्सर चालेलच याची खात्री नसते.

काही कंपन्या ‘बूस्ट’ किंवा ‘लिफ्टिंग’ अशा नावांनी दुप्पट वॉटचा दावा करतात. यात डबा व्होल्टेज कमी करून जड वस्तू मंद चालवतो. पाणी तापवण्यासारख्या साध्या कॉइलच्या वस्तूंना ते चालतं. मोटर आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी हा आकडा विसरून जा.

आपल्याला किती लागेल? दहा मिनिटांत काढा

एक कागद घ्या. वीज गेल्यावर ज्याच्याशिवाय अडतं, तेवढंच लिहा. प्रत्येक वस्तूच्या ॲडॉप्टरवर किंवा मागच्या स्टिकरवर वॉट लिहिलेले असतात. नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॉट मिळतात.

समजा घरात संध्याकाळी चार तास वीज नाही आणि एकाला घरून काम करायचं आहे.

- टेबल फॅन, ५० वॉट, ४ तास : २०० वॉट-अवर
- एलईडी दिवा, ९ वॉट, ४ तास : ३६
- राउटर, १० वॉट, ४ तास : ४०
- लॅपटॉप, ५० वॉट, ४ तास : २००
- दोन फोन, घट धरून प्रत्येकी २५ : ५०

बेरीज ५२६. डब्यातली १५ टक्के घट धरायची म्हणून ०.८५ ने भागा. उत्तर ६१९. म्हणजे साधारण ६०० ते ७०० वॉट-अवरचा डबा लागेल.

आता याच यादीला जरा कात्री लावू. जुन्या टेबल फॅनऐवजी २५ वॉटचा बीएलडीसी फॅन घेतला आणि लॅपटॉप आधीच पूर्ण चार्ज असल्यामुळे दोनच तास लावावा लागला. बेरीज येते ३२६ आणि गरज ३८४ वॉट-अवर. एक पंखा बदलून आणि लॅपटॉप भरून ठेवून बॅटरीची गरज चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली. मोठा डबा घेण्यापेक्षा वापर कमी करणं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं.

या यादीत टेबल फॅन का आहे, सीलिंग फॅन का नाही, हा प्रश्न पडला असेल. सीलिंग फॅनला प्लग नसतो. तो घराच्या वायरिंगला जोडलेला असतो, आणि पॉवर स्टेशनला फक्त प्लगवाल्या वस्तू लागतात. डबा घरी आणल्यावर कित्येकांच्या हे लक्षात येतं. प्लगचा पंखा आणि प्लगचा दिवा नसेल, तर त्यांचा खर्चही हिशेबात धरा.

आणि कॅम्पिंगला?

चौघांची दोन रात्रींची सहल धरू. चार फोन रोज एकदा चार्ज केले तर दोन दिवसांत २०० वॉट-अवर. कंदिलासारखा ५ वॉटचा एलईडी रोज पाच तास, म्हणजे ५०. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि छोटा स्पीकर यांचे मिळून ५०. एकूण ३००, घट धरून ३५० वॉट-अवर.

पण दिवसा गाडी फिरणारच असेल, तर गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून डबा पुन्हा भरता येतो. हे सॉकेट साधारण १०० वॉट देतं, म्हणजे छोटा डबा अडीच-तीन तासांच्या प्रवासात भरतो. अशा वेळी २५० वॉट-अवरचा डबासुद्धा पुरतो. गाडीचं इंजिन बंद असताना मात्र असं चार्जिंग करू नका. गाडीचीच बॅटरी उतरली, तर सकाळी ढकलायला चौघं लागतील.

वजनाचं काय? साडेतीन-चार किलोचा डबा गाडीच्या डिकीत काहीच नाही. पण हरिश्चंद्रगड चढताना तो सॅकमध्ये असेल, तर दुसऱ्या टप्प्यावर त्याच्या मालकाला पश्चात्ताप होईल. पायी ट्रेकला २०,००० एमएएचची पॉवर बँक, हेडटॉर्च आणि जास्तीच्या बॅटऱ्या एवढं पुरतं. पॉवर स्टेशन ही गाडी पोचते तिथल्या कॅम्पिंगची वस्तू आहे.

मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणार असाल, तर डबा सोबत असला तरी दिव्यांची माळ घरीच ठेवा. काजवे जोडीदाराला प्रकाशाच्या खुणांनी बोलावतात, आणि आपल्या दिव्यांनी त्यात अडथळा येतो.

फ्रिज, मिक्सर, इंडक्शन चालतील का?

इंडक्शन शेगडी, इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, गिझर या उष्णता करणाऱ्या वस्तू लहान डब्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. इंडक्शन १,२०० ते २,००० वॉट ओढते, गिझर दोन हजारांच्या घरात. २५० ते ५०० वॉट-अवरचा डबा असेल, तर या यादीवर सरळ काट मारा. चहा गॅसवरच करा. रीलमधलं ते कॉफीचं मशीन चालवायला डबा बराच मोठा लागतो, आणि तेवढा मोठा डबा ‘कॉम्पॅक्ट’ राहत नाही.

फ्रिजची गोष्ट वेगळी आहे. लहान फ्रिज दिवसाला साधारण एक युनिट खातो असं धरलं, तर चार तासांना १७० वॉट-अवर लागतात. तेवढी वीज मध्यम डब्यात असते. अडचण येते ती कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या झटक्याची. पण खरा प्रश्न असा की चार तासांसाठी फ्रिज चालवायचाच कशाला? दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास पुरेसा गार राहतो. ती वीज पंख्याला आणि राउटरला ठेवा.

घरात रुग्ण असेल तर आधी हे वाचा

कोणाच्या आईला दमा असतो, कोणाच्या वडिलांना रात्री ऑक्सिजन लागतो. ‘वीज गेली तर काय’ ही भीती अशा घरांत खरी असते, आणि जाहिराती तिथेच बोट ठेवतात. म्हणून इथे हिशेब चुकवून चालत नाही.

नेब्युलायझर : घरगुती कॉम्प्रेसर नेब्युलायझर साधारण १०० ते १८० वॉटचा असतो, पण एका वेळी दहा-पंधरा मिनिटंच चालतो. १५० वॉट धरले तरी एका वेळेला ३८ वॉट-अवर. दिवसातून तीनदा लागला तरी लहान डब्यात बसतो. फक्त वीज असतानाच एकदा डब्यावर चालवून खात्री करून घ्या.

सीपॅप : झोपेत श्वास अडखळणाऱ्यांचं हे यंत्र हवा गरम-ओलसर करणारा भाग बंद ठेवला तर साधारण ३० ते ४० वॉटवर चालतं. आठ तासांचे २८० वॉट-अवर. घट धरून साडेतीनशेचा डबा हवा. तो भाग सुरू ठेवला तर गरज बरीच वाढते.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर : पाच लिटरचं यंत्र ३०० वॉट किंवा त्याहून जास्त ओढतं, तेही सतत. २५६ वॉट-अवरच्या डब्यावर ते पाऊण तासही चालणार नाही. आठ तासांच्या रात्रीला २,४०० वॉट-अवर लागतात. इथे कॉम्पॅक्ट पॉवर स्टेशनवर विसंबून राहणं धोक्याचं आहे. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात ठेवायचा की कसं, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवा. वादळाचा इशारा आल्यावर नाही.

आत कोणती बॅटरी आहे?

या डब्यांत प्रामुख्याने दोन प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या येतात. एक एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली. दुसरी एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट. एलएफपीचा शोध १९९० च्या दशकात अमेरिकेत टेक्सस विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने लावला. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

एनएमसी हलकी असते. एलएफपी तेवढ्याच विजेला थोडी जड पडते, पण दोन बाबतींत पुढे आहे. पहिली गोष्ट आयुष्य. एनएमसी साधारण ५०० ते १,००० वेळा पूर्ण वापरून भरल्यावर थकते. एलएफपीचा आकडा २,००० ते ३,००० च्या पुढे जातो, आणि तेव्हाही तिची मूळच्या ८० टक्के क्षमता शिल्लक असते. दुसरी गोष्ट सुरक्षितता. एलएफपी बरीच जास्त उष्णता सहन करते आणि सहजासहजी भडकत नाही.

घरात, मुलाबाळांमध्ये, वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू आहे. थोडं वजन वाढलं तरी एलएफपीच घ्यावी.

तिची एक मर्यादा लक्षात ठेवा. शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करायची नसते. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही, पण थंडीत स्पिती किंवा लडाखला जाणाऱ्यांना येतो. आपल्याकडचा प्रश्न उलटा आहे. बऱ्याच मॉडेलची चार्जिंगची कमाल मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून याच्या कितीतरी पुढे तापते. डबा डिकीत विसरू नका.

सोलर पॅनल घ्यावं का?

दिवसांच्या प्रश्नाला या यंत्राकडे थोडंफार उत्तर असेल, तर ते इथे आहे. पण अपेक्षा जमिनीवर ठेवा. १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात ६० ते ८० वॉट देतं. पावसाळा सोडून स्वच्छ दिवशी त्यातून साधारण ३०० वॉट-अवर मिळतात, म्हणजे छोटा डबा रोज एकदा भरतो. तेवढ्यात फोन, दिवे आणि राउटर आरामात चालतात.

अडचण अशी की किनाऱ्यावर वादळं येतात ती नेमकी मे-जूनमध्ये, आणि पाठोपाठ पाऊस. ढगाळ दिवशी हाच आकडा पाव-निम्म्यावर येतो. त्यामुळे कोकणातल्या घरासाठी घेत असाल, तर हिशेब फोन आणि दिव्यांपुरताच करा. फोन चालू राहणं, मदत मागता येणं, रात्री घरात उजेड असणं, हेही अशा दिवसांत थोडं नसतं.

पॅनल घेताना त्याचं कमाल व्होल्टेज डब्याच्या सोलर इनपुटच्या मर्यादेत आहे ना, हे नक्की बघा. जास्त व्होल्टेजचं पॅनल लावलं तर डबा कायमचा बिघडू शकतो.

इन्व्हर्टर घ्यावा की पॉवर स्टेशन?

घर स्वतःचं आहे, भारनियमन नेहमीचं आहे आणि सीलिंग फॅन, ट्यूबलाइट सगळं चालायला हवंय? मग घरगुती इन्व्हर्टरच योग्य. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर धरते. प्रत्येक वेळी तळापर्यंत वापरली तर तिचं आयुष्य घटतं, तरीही ती छोट्या डब्याच्या कितीतरी पुढे आहे. बदल्यात जागा लागते, डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि ती उचलून कुठे नेता येत नाही.

पॉवर स्टेशन कोणासाठी? पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर खोली बदलत राहणाऱ्यांसाठी, जिथे घरमालक वायरिंगला हात लावू देत नाही. वीज क्वचित जाते, पण गेली तर काम अडतं, अशांसाठी. आणि घरही सांभाळायचंय, महिन्यातून एकदा फिरायलाही जायचंय, अशांसाठी.

राउटर किंवा कॉम्प्युटर कायम जोडून ठेवायचा असेल तर ‘यूपीएस’ची सोय आहे का ते बघा. वीज गेल्यावर साधारण १० ते ३० मिलिसेकंदांत डबा काम हातात घेतो. राउटर आणि लॅपटॉपला हे कळतही नाही.

राउटरबाबत एक छोटी युक्ती. डब्याचा एसी भाग नुसता सुरू ठेवला तरी आतला इन्व्हर्टर स्वतःसाठी ५ ते १५ वॉट खात राहतो. १० वॉटचा राउटर रात्रभर एसीवर चालवला तर जवळपास तेवढीच वीज इन्व्हर्टर खाईल. बहुतेक राउटर १२ व्होल्ट डीसीवर चालतात. व्होल्टेज आणि पिन जुळत असेल तर डब्याच्या डीसी पॉइंटवरून थेट जोडा आणि एसीचं बटण बंद ठेवा. राउटर कितीतरी जास्त तास चालेल.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवावं का?

बाहेर स्वस्त मिळतंय म्हणून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला सांगायचं, हा विचार दोन कारणांसाठी सोडून द्या.

पहिलं कारण विमान. प्रवासी विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी हातातल्या सामानात चालते. १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. १६० च्या पुढची सुटी बॅटरी चालतच नाही, ना हातात, ना चेक-इनमध्ये. सगळ्यात छोट्या पॉवर स्टेशनपैकी बहुतेक २५० च्या आसपास असतात. म्हणजे ते विमानतळावरच सोडावं लागेल.

दुसरं कारण व्होल्टेज. अमेरिकेतल्या मॉडेलच्या सॉकेटमधून १२० व्होल्ट येतात. आपल्या वस्तू २३० व्होल्टच्या. इथला टेबल फॅन त्यावर नीट चालणार नाही.

म्हणून भारतातच घ्या आणि खोक्यावर तीन गोष्टी बघा : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि ‘प्युअर साइन वेव्ह’. स्वस्त डब्यांत ‘मॉडिफाइड साइन वेव्ह’ असते. त्यावर पंखा गुणगुणतो, मोटर तापते आणि काही वैद्यकीय यंत्रं चालतच नाहीत. बॅटरीवर बीआयएसचा नोंदणी क्रमांकही शोधा. तो इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होतो आणि ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपवर टाकून खरा आहे का ते तपासता येतो.

ही एक चूक कधीही करू नका

काही व्हिडिओंत दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर दिसते. एक टोक पॉवर स्टेशनमध्ये, दुसरं भिंतीच्या सॉकेटमध्ये, आणि ‘बघा, अख्खं घर चालू’. असं करणं जिवावर बेतू शकतं. त्या वायरच्या उघड्या पिनांत वीज असते. शिवाय घरात सोडलेली वीज उलटी बाहेरच्या लाइनमध्ये जाऊ शकते. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला त्याचा धक्का बसू शकतो. आपल्या घरात उजेड यावा म्हणून पावसात खांबावर चढलेला माणूस तो असतो. घराच्या वायरिंगला काही जोडायचंच असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवूनच.

बाकीची काळजी साधी आहे. बहुतेक डबे पाण्यापासून सुरक्षित नसतात, त्यामुळे तंबूत जमिनीवर थेट ठेवू नका. चालू असताना त्यावर पांघरूण टाकू नका, पंख्याची जाळी मोकळी ठेवा. वापर नसेल तेव्हा अर्धा ते पाऊण भरून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एकदा वापरून पुन्हा भरा. वादळाचा इशारा आला की पूर्ण भरा. बॅटरी संपली म्हणून घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विकत घेतानाच विचारून ठेवा.

पैसे देण्याआधी हे प्रश्न विचारा

- वॉट-अवर किती? एका वॉट-अवरला किती रुपये पडतात?
- सतत किती वॉट देतं? सर्ज किती झेपतो?
- बॅटरी एलएफपी आहे का? किती वेळा चार्ज केल्यावर ८० टक्के उरते?
- प्युअर साइन वेव्ह, २३० व्होल्ट आहे का?
- भिंतीवरून भरायला किती वेळ लागतो? काही मॉडेल तासाभरात भरतात, काहींना सात-आठ तास लागतात. वीज थोडाच वेळ येणाऱ्या गावात हा फरक मोठा आहे.
- दुरुस्ती कुठे होते? जवळच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का?

आणि दुकानात जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला. आपल्याकडे वीज जाते ती तासांसाठी की दिवसांसाठी? तासांसाठी जात असेल, तर कागदावर काढलेल्या आकड्याएवढा डबा घ्या, त्याहून मोठा नको. दिवसांसाठी जात असेल, तर डबा हा तयारीचा एकच भाग आहे. सोबत सोलर पॅनल, टॉर्च, गॅस, पिण्याचं पाणी आणि घरातल्या आजारी माणसासाठी विजेशिवायची सोयही लागेल. ती यादी वीज असतानाच करून ठेवा.